डेलरोझचं झाड

मित्रांनो, मी एक जुना पिमेंटो आहे. जमैका बेटावर, सेंट ॲन परगण्यातल्या एका टेकडीच्या उतारावर, दगडी गडग्याला खेटून मी उभा आहे. पिमेंटो म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर माझं एक पान चुरगळा आणि नाकाशी धरा. कोणी म्हणेल लवंग, कोणी म्हणेल दालचिनी, कोणी जायफळ म्हणून हटून बसेल. घरात चौघं असलात तर चौघं भांडाल. आमच्याकडे असलं भांडण होत नाही. पिमेंटोला पिमेंटोचा वास येतो, झालं. मी जरा स्वतःचं कौतुक करतोय असं वाटेल, पण म्हातारा झालोय, तेवढं चालायचंच.

मला कोणी लावलं नाही. पिमेंटो हाताने पेरला तर रुजत नाही, त्याचं बी आधी पाखराच्या पोटातून जावं लागतं, असं इथली माणसं मानतात. माझ्या बाबतीत तरी तसंच झालं. पांढऱ्या टाळूच्या एका कबुतराने कुठेतरी पिकला दाणा खाल्ला, या गडग्यावर येऊन बसलं आणि पुढचं जे व्हायचं ते झालं. चारचौघांत याहून जास्त सांगण्यासारखं नाही. तर असा मी दगडांच्या फटीतून लाल मातीत उगवलो.

ही टेकडी थिओफिलस नावाच्या माणसाची होती. मी हातभर उंच झालो होतो तेव्हा त्याच्या घरी मुलगी झाली. तिचं नाव डेलरोझ. इथल्या माणसांचा एक रिवाज आहे. बाळाची नाळ गळून पडली की ती मातीत पुरायची आणि तिथलं झाड त्या बाळाच्या नावाचं करायचं. मग जन्मभर ते झाड त्याचं. फळ त्याचं, सावली त्याची, आणि त्याने हो म्हटल्याशिवाय त्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावायची नाही. थिओफिलसच्या थोरल्या मुलाच्या, हेझकायाच्या नावाने स्वयंपाकघराच्या दाराशी नीरफणस लावला होता. तो जोमाने वाढत होता. या वेळी थिओफिलस फडक्यात नाळ घेऊन गडग्यापाशी आला आणि माझ्याकडे बोट दाखवून बायकोला म्हणाला, "पोरीला हा पिमेंटो. दरवर्षी दाणा येईल. कोणापुढे हात पसरायला नको."

तो असं म्हणाला आणि मला फार बरं वाटलं. कोणीतरी माझ्यावर भरवसा टाकला होता.

पण मित्रांनो, तो भरवसा फोल ठरला. म्हणजे, ठरला असं सगळ्यांना वाटलं. मी वाढलो, वयात आलो, एका वसंतात नखशिखांत पांढऱ्या फुलांनी भरून गेलो. मधमाश्यांची अशी झुंबड उडाली की गडग्यावर बांधलेल्या बकऱ्या बिचकल्या. थिओफिलस रोज येऊन वर बघायचा. आसपासच्या झाडांवर हिरवे दाणे धरले, माझ्यावर काही नाही. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी एका फांदीला चार दाणे आले आणि तेही गळून पडले. थिओफिलसने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बाप्या निघाला लेकाचा."

आमच्यात काही झाडं बाया असतात, काही बाप्ये. लहान असताना ओळखता येत नाही. फुललो की मग कळतं, बायांना दाणे येतात आणि बाप्ये नुसते फुलतात. इथल्या माणसांना एवढं ठाऊक होतं. त्याच्या पुढचं ठाऊक नव्हतं. आमच्या फुलांतली पिवळी भुकटी मधमाश्या अंगाला माखून घेतात आणि बायांच्या फुलांवर जाऊन बसतात, तेव्हा कुठे तिथे दाणा धरतो. हे मला कळत होतं, पण झाडाला कोण विचारतंय?

पावसाळ्याच्या मध्यावर दाणे पुरते भरले, पण अजून हिरवे असले, की तोडणीचा हंगाम यायचा. पुरुष झाडावर चढून दाण्यांनी लगडलेल्या डहाळ्या मोडून खाली टाकायचे. खाली बायका गोणपाटावर बसून डहाळीवरून दाणे ओरबाडायच्या. मग सिमेंटच्या खळ्यावर दाणे वाळत पडायचे. एक दाणा कानाशी धरून हलवायचा, आत बी खुळखुळलं की माल तयार. वाळत असताना आभाळ भरून आलं तर सगळा गाव ओरडत धावायचा आणि घाईघाईने ढीग करून त्यावर ताडपत्री टाकायचा. ती धांदल बघायला मला फार आवडायचं.

या बायकांत मिस एस्मी नावाची एक होती. इथे लग्न झालेलीलाही मिसच म्हणतात. तिची जीभ तिच्या हातांपेक्षा जलद चालायची. तिने हंगामात एकदा तरी माझं नाव काढलं नाही असं झालं नाही.

"बघा गं, बघा!" ती म्हणायची. "फुललाय कसा नवरदेवासारखा! दाणा म्हणाल तर एक नाही. आमच्या घरचा पण अस्साच. रविवारी इस्त्रीचा कोट घालून चर्चमध्ये पुढच्या बाकावर, आणि सोमवारी काम म्हटलं की कंबर धरली!"

बायका हसून लोळायच्या. हेझकाया, म्हणजे सगळ्यांचा हेझी, तेव्हा दहाबारा वर्षांचा होता. तोही बहिणीला चिडवायचा.

"माझ्या झाडाला जेवण लागतं. तुझ्या झाडाला काय लागतं गं? माश्या!"

"वास लागतो," डेलरोझ म्हणायची.

"वास खा मग दुपारी."

डेलरोझच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. ती माझ्यावर चढून बसायची. माझी साल गुळगुळीत, चढायला अवघड, तरी ती चढायची. दुसरं कोणी माझ्यावर चढलंच नाही. दाणा नाही तर चढायचं कशाला? एकदा ती रडत बापाकडे गेली की मला दुसरं झाड दे. थिओफिलस तिला माझ्यापाशी घेऊन आला आणि म्हणाला, "नाळ एकदाच पुरतात, पोरी. झाड बदलून मिळत नाही. हे जसं आहे तसं तुझं." त्यानंतर तिने ती मागणी कधी केली नाही. उलट माझ्याबद्दल कोणी वाकडं बोललं की तिचे डोळे मोठे व्हायचे.

मोठी झाल्यावर ती कामासाठी इंग्लंडला गेली. निघताना तिने माझी मूठभर पानं तोडून पर्समध्ये टाकली. बस वळणावरून दिसेनाशी झाली आणि मला कळलं की आता माझ्या बाजूने बोलणारं इथे कोणी उरलं नाही. फार वर्षं ती आली नाही.

थिओफिलस वारला. टेकडी हेझीकडे आली. गाव आता त्याला मानाने मास हेझी म्हणू लागला होता. त्याच्यासारखा तोडणीवाला आसपास नव्हता. फांदीवर असा काही चालायचा की खाली बायका "देवा रे" म्हणत डोळ्यांवर हात घ्यायच्या. सुरुवातीला टेकडी त्याच्या हातीही चांगली पिकली. मग त्याने नाक्यावर जर्कची भट्टी टाकली. जर्क म्हणजे आमच्याकडचं भाजलेलं मांस. आमचाच दाणा आणि तिखट मिरची वाटून मांसाला चोळायची, आणि पिमेंटोच्या ओल्या लाकडावर पत्र्याखाली ते सावकाश भाजायचं. आमचाच मसाला आणि आमचंच सरपण. आमच्या जातीचा हा मान की अपमान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भट्टी जोरात चालली. मिनीबस थांबू लागल्या. लाकूड कमी पडू लागलं. मग मास हेझीने टेकडीवर नजर फिरवली आणि म्हणाला, "हे बाप्ये नुसते जागा अडवून उभे आहेत. काम ना धाम. यांनाच आधी भट्टीत घालू."

त्याच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्यानेही हेच केलं असतं. दाणा देणारं झाड कोण तोडतो? एकेक करून त्याने सगळे बाप्ये पाडले. खळ्याच्या पलीकडे एक होता, माझ्याच वयाचा. आम्ही एकाच आठवड्यात फुलायचो. तो पडला तेव्हा पूर्ण टेकडी घमघमली आणि कामावरच्या बायका म्हणाल्या, काय छान वास सुटलाय. मला फार वाईट वाटलं. झाडाला रडता येत नाही हे त्या दिवशी मला नको झालं.

मी तेवढा वाचलो. माझ्याखाली डेलरोझची नाळ होती आणि डेलरोझ सातासमुद्रापार. तिला विचारल्याशिवाय मला हात लावायची मास हेझीची छाती नव्हती.

पुढच्या हंगामात दाणा कमी आला. त्याच्या पुढच्या हंगामात आणखी कमी. मास हेझीने आधी पावसावर खापर फोडलं, मग तांबेरा रोगावर, मग मधमाश्यांवर, आणि शेवटी मिस एस्मीच्या जिभेवर. मिस एस्मीने त्याला दोन सुनावल्या आणि दुसऱ्या टेकडीवर कामाला जाऊ लागली. माझ्याभोवतीच्या झाडांना तेवढा दाणा धरत होता. "इथे बकऱ्या बांधतात ना, खत मिळतं," मास हेझी म्हणायचा. त्यावरून त्याने बकऱ्या वरच्या अंगाला नेऊन बांधल्या. वरच्या झाडांनी बकऱ्यांचं खत खाल्लं, भरघोस पानं काढली आणि दाणा काही दिला नाही.

अशात एक दिवस डेलरोझ परत आली. कायमची. केस पांढरे, गुडघे धरलेले. तिकडे लग्न झालं होतं, नवरा वारला, मूलबाळ झालं नव्हतं. सामान घरात टाकून ती काठी टेकत आधी माझ्याकडे आली. सालीवर हात ठेवला, एक पान चुरगळलं, नाकाशी नेलं, आणि त्या गडग्यावर बसून बराच वेळ रडली. मित्रांनो, मी फुलायच्या दिवसांत नव्हतो, नाहीतर त्या क्षणी असेल नसेल तेवढं तिच्यावर ओतलं असतं.

मग तिने माझ्याखाली एक लाकडी खोकं आणून ठेवलं. घट्ट दूध घातलेल्या चहाचा मग घेऊन ती रोज तिथे बसायची. मास हेझीची मुलगी मार्वा तिच्याजवळ येऊन बसायची. मार्वा गरोदर होती आणि तिचा नवरा बोटीवर कामाला होता. आत्या-भाचीचं चांगलं जमलं. डेलरोझ तिला इंग्लंडच्या थंडीच्या गोष्टी सांगायची आणि मार्वा म्हणायची, "बाई गं, आंटी डेल, त्यापेक्षा आमचा मास हेझी बरा."

मास हेझी मात्र बरा नव्हता. पिकाने त्याला हात टेकायला लावले होते. एका संध्याकाळी तो बहिणीला म्हणाला, "डेल, या पिमेंटोत आता जीव उरला नाही. ही तोडणी झाली की टेकडी साफ करतो. सगळं कोळशाला घालतो आणि सुरण लावतो."

"सगळं?" डेलरोझने विचारलं.

"तुझं सोडून."

"पपांनी राखलेली टेकडी आहे ही, हेझी."

"पपा येऊन दाणा धरवणार आहेत का?"

ती काठी टेकत घरात गेली. मी मात्र आतून हादरलो. जेमतेम उरलेल्या सगळ्या बाया कोळशाला जाणार होत्या, आणि मी एकटा उभा राहून फुलणार होतो. कोणासाठी?

तोडणीला थोडे दिवस उरले असताना मार्वाला मुलगी झाली. एवढीशी, किडकिडीत, पण आवाज असा की खालच्या रस्त्यावर ऐकू जावा. नाळ गळून पडली तेव्हा मार्वाने ती स्वच्छ फडक्यात बांधून बायबलच्या पानांत ठेवली आणि दुपारी सगळी माझ्या सावलीत बसली असताना विषय काढला.

"पपा, हिची नाळ कुठे पुरायची?"

"मी नीरफणसाचा कोंब काढून ठेवलाय," मास हेझी म्हणाला. "माझ्या झाडाचा."

डेलरोझने हातातला चहाचा मग खाली ठेवला. "मी काय म्हणते, माझ्या झाडाखाली पुरूया का? मला कोणी नाही. माझ्यामागे हे झाड कोणाचं? तिचं होऊ दे."

मार्वाचा चेहरा उजळला. मास हेझी मात्र झटक्यात बोलून गेला.

"त्या वांझोट्या झाडाखाली? डेल, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पोरीने पण मग तुझ्यासारखंच..."

पुढे तो थांबला. पण जे निघायचं ते तोंडातून निघालं होतं.

"पपा!" मार्वा ओरडली.

"मी झाडाबद्दल बोललो," तो पुटपुटला.

"कळलं मला कोणाबद्दल बोललास," डेलरोझ म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. काठी घेऊन ती उठली. "मग ठेवलंयस कशाला हे वांझोटं झाड? तुझ्या भट्टीला लाकूड लागतंच की. घे. माझी परवानगी आहे. काप."

"आंटी, असं नका ना बोलू."

"बोलले. तू ऐकलंस, देवानेही ऐकलं. आता बदलत नाही."

ती घरात गेली आणि दार लावून घेतलं. मास हेझी खोक्यावर बसून राहिला. त्याने तेव्हाच उठून दार ठोठावलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण दोघं थिओफिलसची पोरं. हट्टाला दोघं एकाला एक.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तो दोर, कोयता आणि कुऱ्हाड घेऊन आला. मी घाबरलो होतो. उगाच शौर्य कशाला दाखवू? माझ्या पानापानाला कापरं भरलं होतं आणि बाहेर तर वारा नव्हता. डेलरोझच्या खोलीची खिडकी बंद होती. मार्वा बाळाला छातीशी घेऊन ओट्यावर उभी होती आणि बापाकडे बघत नव्हती.

आता एक गोष्ट नीट ऐका, मित्रांनो. बायांच्या डहाळ्या दरवर्षी मोडतात, त्यामुळे ती झाडं बुटकी राहतात. मला कधी कोणी मोडलं नाही. मी वाढतच गेलो, आणि त्या टेकडीवर माझ्याएवढं उंच झाड दुसरं नव्हतं. सरळ पाडलं असतं तर मी स्वयंपाकघराच्या पत्र्यावर आलो असतो. म्हणून मास हेझीला आधी शेंडा उतरवायचा होता. दोर कंबरेला बांधून तो चढू लागला. एवढी वर्षं तो झाडांवर चढत होता, पण माझ्यावर पहिल्यांदाच.

शेंड्याजवळ पोचल्यावर त्याने पाय रोवले, कोयता उचलला आणि जिथे घाव घालायचा तिथे बघितलं. मग त्याच्या पलीकडे बघितलं. कोयता वरच राहिला.

खाली माझ्याभोवती दाण्यांनी वाकलेल्या झाडांचं एक गोल कडं होतं. गडग्याच्या आत होतं तसंच गडग्याच्या बाहेरही, जिथे नुसता खडक आहे आणि जिथे जन्मात कोणी बकरी बांधली नाही. कड्यापलीकडे झाडं हिरवीगार, पण रिकामी. त्यांच्या मधे मधे बाप्यांचे बुंधे, त्यानेच पाडलेल्यांचे. त्याने मान वळवली. घळीच्या पलीकडची टेकडी एका किंग्स्टनवाल्याची, वर्षानुवर्षं बेवारस पडलेली. तिथे रान माजलं होतं, त्यात एक उंच बाप्या बिनदाण्याचा उभा होता, आणि त्याच्याभोवतीही तसंच भरलेलं कडं होतं. त्याच्यापुढे आणखी एक बाप्या. पुन्हा एक कडं.

मास हेझी माझ्या फांदीला मिठी मारून बसला. त्याचं काळीज धडधडत होतं, ते माझ्या लाकडाला जाणवत होतं. एकदाच तो म्हणाला, "अरे देवा, मी काय करून बसलो." मग हळूच खाली उतरला.

"काय झालं, पपा?" मार्वाने विचारलं.

"कुऱ्हाडीला धार नाही," तो म्हणाला आणि कुऱ्हाड तिथेच टाकून घळीकडे चालू लागला.

तो दुपारी परतला. विजारीला कुसळं चिकटली होती, तोंड उन्हाने उतरलं होतं. हात-पाय धुतले आणि बंद दारासमोर जाऊन उभा राहिला.

"डेल, बाहेर ये."

"कापलंस?" आतून आवाज आला.

"बाहेर ये म्हणतो ना."

ती बाहेर आली तेव्हा तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी होतो. तिने काठी घट्ट धरली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"आपल्या टेकडीचं पीक कोणी घालवलं ठाऊक आहे तुला?" मास हेझीने विचारलं.

"तूच सांगतोस ना, पावसाने. मग तांबेऱ्याने. मग एस्मीने."

"मी घालवलं. या हातांनी. बाप्ये पाडले ना मी, त्यांच्याशिवाय बायांना दाणा धरत नाही. तुझं हे एक झाड उरलंय म्हणून एवढं तरी येतंय. वर चढलो तेव्हा दिसलं. उभ्या जन्मात चढलो नव्हतो."

मास हेझीने डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून गोल फिरवू लागला.

"आणि काल जे बोललो..."

"ते झाडाबद्दल होतं," ती म्हणाली.

"नव्हतं. तुला लागावं म्हणून नाही बोललो, पण तुझ्याबद्दलच होतं. माझी जीभ कापून टाकली पाहिजे." त्याने टोपी ओट्यावर ठेवली. "डेल, पोरीची नाळ तुझ्या झाडाखाली पुरायचीय. तू हो म्हणालीस तर."

तिने त्याच्याकडे रोखून बघितलं.

"त्या वांझोट्या झाडाखाली?"

"मार," मास हेझी म्हणाला. "अजून एक मार. आज सगळं खातो."

ओट्यावर मार्वाला हसू आवरेना आणि रडूही. डेलरोझनेही तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते ते मला दिसत होतं.

"खड्डा कोण खणणार?" ती शेवटी म्हणाली. "माझे गुडघे बघतोस ना."

खड्डा मास हेझीने खणला. नाळ डेलरोझने स्वतःच्या हाताने ठेवली. त्या रात्री मला पहिल्यांदाच पुरतं जेवल्यासारखं वाटलं.

टेकडी काही एका वर्षात भरली नाही. पाडलेल्या बाप्यांपैकी काहींच्या बुंध्यांना धुमारे फुटले, तेवढं नशीब. माझ्या आसपासच्या बायांखाली पाखरांनी बी टाकलं, रोपं आली. डेलरोझने दम भरून ठेवला होता की एकही रोप कोणी उपटायचं नाही. मिस एस्मी परत कामाला येऊ लागली होती. तिने विचारलं, "आणि यातले निम्मे बाप्ये निघाले तर?"

"कोण बाई, कोण बाप्या, ते फुलल्यावर कळेल," डेलरोझ म्हणाली. "तोवर सगळ्यांना पाणी घाल."

"बाप्यालासुद्धा?"

"बाप्यालासुद्धा."

"मग आमच्या घरच्याने काय पाप केलं?" मिस एस्मी म्हणाली, आणि घरी जाऊन म्हणे तिने नवऱ्याला चहा करून दिला. नवरा इतका घाबरला की त्याने आधी बायकोला औषध घ्यायला लावलं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मास हेझी गेला. डेलरोझही गेली. वरच्या अंगाला, आईवडिलांच्या शेजारी दोघांना ठेवलं आहे. जाण्याआधीच्या वसंतात ती खोक्यावर बसली असताना मी फुललो होतो, आणि मधमाश्या तिच्या केसांवरून जात होत्या तरी तिने हात हलवला नाही. मार्वाची मुलगी ओरलीन आता मोठी झाली आहे. हे झाड तिचं आहे. तिच्या आजोबांच्या वयाची माझी साल अजूनही निसरडी आहे, तरी ती सरसर चढते आणि शेंड्यापाशी बसून पाय हलवते.

मागच्या हंगामात खाली दाणे ओरबाडणाऱ्या एका नव्या मुलीने तिला ओरडून विचारलं, "ए, त्या झाडाला एकही दाणा नाही. मग राखलंय कशाला?"

ओरलीनने वरूनच हात फिरवला. खालचा उतार, गडग्याबाहेरचा खडक, खळ्यापलीकडची सगळी झाडं.

"हा काय त्याचा दाणा," ती म्हणाली. "तू तोडतेयस तो."

मित्रांनो, मी म्हातारा पिमेंटो तुमच्याकडे जास्त काही मागत नाही. तुमच्याही अंगणात, बांधावर, रस्त्याकडेला असं एखादं झाड असेल, ज्याचा उपयोग काय हे कोणालाच सांगता येत नाही. त्याच्यावर कुऱ्हाड उचलण्याआधी एकदा वर चढून आजूबाजूला बघा. चढता येत नसेल तर त्याच्याखाली घटकाभर बसा. आणि जमलं तर त्याला तांब्याभर पाणी घाला.